मिरवणुकीत शेवटी कोण चालणार?

सामान्य काळातील २२ वा आठवडा, बुधवार
पहिले वाचन: १ करिंथ ३:१-९
शुभवर्तमान: लूक ४:३८-४४



आजचं पहिलं वाचन ऐकताना मला आधी हसू येतं आणि दोन-तीन वाक्यांनंतर ते हसू जातं. करिंथच्या मंडळीत गट पडलेत. कुणी स्वतःला पौलाचा म्हणवतो, कुणी अपुल्लोसचा. पौल चिडतो. त्यांना तान्ही बाळं म्हणतो. तुम्हाला अजून दूधच पाजावं लागतंय, जड अन्न पचत नाही, असं सुनावतो. आणि लक्षात घ्या, तो फक्त अपुल्लोसच्या माणसांना रागावत नाही. जे पौलाच्याच नावाचा झेंडा घेऊन उभे आहेत त्यांनाही तो त्याच मापाने मोजतो. आपल्या बाजूने भांडणाऱ्या माणसाला गप्प बसवणं किती अवघड असतं, हे पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगला एकदा तरी बसलेल्याला सांगायला नको.

'मी पौलाचा' म्हटलं की मला जुनं गोवं आठवतं. तिथे ते अक्षरशः खरं होतं. येशूसंघीय फादरांचं मोठं महाविद्यालय तिथे संत पौलाच्या नावाने होतं, म्हणून लोक त्या फादरांनाच 'पाउलिस्त' म्हणत. म्हणजे पौलाचे! आज त्या महाविद्यालयाची फक्त एक कमान उरली आहे.

जुनं गोवं चालत फिरण्याएवढं गाव. त्यात फ्रान्सिस्कन १५१७ मध्ये आले, मठ बांधला. संत फ्रान्सिस झेविअर १५४२ मध्ये उतरले आणि येशूसंघाचं काम सुरू झालं. १५४८ मध्ये डोमिनिकन आले, १५७२ मध्ये ऑगस्टिनियन. प्रत्येकाचं स्वतंत्र चर्च, स्वतंत्र मठ, स्वतंत्र घंटा. ऑगस्टिनियनांचा मनोरा टेकडीवर, येशूसंघाचं बॉम जेझू खाली, फ्रान्सिस्कनांचं चर्च कॅथेड्रलला लागून. आपल्या वसईच्या किल्ल्यातही हेच चित्र. एका तटबंदीच्या आत चारही संघांची चर्चेस, आणि आज चारही भग्न. गावं वाटून घेतलेली होती. गोव्यात बारदेश फ्रान्सिस्कनांचा, साष्टी येशूसंघीयांची. त्यातली बरीच माणसं खरोखर संतवृत्तीची होती, घरदार सोडून समुद्र ओलांडून आलेली होती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणाला वाटायला नको की मी व्रतस्थांची टिंगल करतोय.

१२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी एकाच सोहळ्यात पाच जणांना संत म्हणून घोषित केलं. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला, त्यांचेच सोबती फ्रान्सिस झेविअर, कार्मेल संघाची सुधारणा करणारी आविलाची तेरेसा, रोमचे फिलिप नेरी आणि माद्रिदजवळचा नांगर धरणारा शेतमजूर इसिदोर. (पाचांपैकी चार स्पेनच्या राजाच्या मुलखातले. रोमकरांचा लाडका फिलिप नेरी तेवढा त्यांचा. म्हणून रोममध्ये लोक थट्टेने म्हणू लागले की पोपसाहेबांनी आज चार स्पॅनिश आणि एक संत घोषित केला. मानपान काही आपल्याकडेच नाही.)

एक दिवस, एक वेदी, एक घोषणा. स्वर्गात तर ते पाचही जण एकाच पंगतीला बसलेले. पण बातमी गोव्यात पोचली आणि सोहळे वेगवेगळे झाले. कार्मेलाइट फादर गोव्यात नवखे, १६२० च्या सुमारास आलेले. त्यांनी १६२३ साली आपल्या तेरेसाचा उत्सव केला. येशूसंघीयांनी आपल्या दोन संतांचा उत्सव १६२४ च्या सुरुवातीला केला. तयारी एवढी की विचारू नका. घोड्यांवरून मिरवणूक, नाना देशांचे वेश केलेले महाविद्यालयाचे विद्यार्थी, झेविअरच्या आयुष्यावरचं नाटक. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी तेव्हा गोव्यात मुक्कामाला होता. त्याने हे सगळं पाहिलं आणि पत्रांतून घरी कळवलं, म्हणून आपल्याला माहीत.

बघायला व्हाइसरॉय होता, पोर्तुगीज सरदार होते. आणि रस्त्याच्या कडेला आपली माणसंही असणारच. त्यांच्यात दोन-तीन पिढ्यांपूर्वी ज्यांच्या गावची देवळं पाडली गेली, त्यांची नातवंडं-पतवंडंही आली. त्यांना या रोषणाईतून नेमकं काय कळलं असेल? देव मोठा आहे, हे? की या काळ्या झग्यातले फादर त्या तपकिरी झग्यातल्या फादरांपेक्षा मोठे आहेत, हे? मला वाटतं दुसरी गोष्ट जास्त लवकर कळते. ती कळायला भाषा लागत नाही.

हे फक्त गोव्यातलं नाही. पवित्र मरिया निष्कलंक गर्भसंभवा आहे की नाही, यावर फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन शतकानुशतकं वाद घालत होते. तो वाद पुस्तकात राहिला असता तर चाललं असतं. पण सतराव्या शतकात तो सेव्हिलपासून मेक्सिको, मनिलापर्यंत रस्त्यावर आला. मशाली, गाणी, मिरवणुका, फटाके. मरियेचा सण, पण त्यात 'बघा, आमचं बरोबर होतं' हा सूर. ख्रिस्तसभेने हा विश्वासाचा सिद्धांत जाहीर केला तो १८५४ साली. तोवर आपल्या आईच्या वाढदिवशी भावंडांनी अंगणात भांडावं तसं चाललं होतं.

आता मिरवणुकीच्या रांगेबद्दल थोडं सांगतो, कारण आजच्या चिंतनाची खरी गाठ तिथे आहे.

आपल्या धार्मिक मिरवणुकीत मानाचा क्रम उलटा असतो. पुढे क्रूस, मागोमाग मुलं, मग भाविकांचे संघ, मग व्रतस्थ, आणि सगळ्यात मागे पवित्र साक्रामेंत घेऊन छत्राखाली चालणारे बिशप किंवा फादर. जो जेवढा मागे, म्हणजे जेवढा साक्रामेंतच्या जवळ, तेवढा त्याचा मान मोठा. त्यामुळे व्रतस्थांच्या संघांमध्ये कुणी कुणाच्या मागे चालायचं यावरून भांडणं होत. आधी कोण आलं, कुणाची सनद जुनी, कुणाला पोपकडून कुठला हक्क मिळालाय. प्रकरण एवढं वाढलं होतं की ट्रेंटच्या महासभेला डिसेंबर १५६३ मधल्या शेवटच्या सत्रात यावर एक कलम घालावं लागलं. मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत कोण पुढे, कोण मागे, छत्र कुणी धरायचं, याचे तंटे बिशपने तोडावेत आणि त्यावर अपील नाही. कल्पना करा. लूथरमुळे अर्धा युरोप हातातून चाललाय, आणि महासभा ठरवतेय की मढ्यामागे कोण चालणार.

प्रभूने सांगितलं होतं, मेजवानीला बोलावलं तर शेवटच्या जागी जाऊन बस. आणि आम्ही असे हुशार की शेवटची जागाच मानाची करून टाकली आणि मग त्या शेवटच्या जागेसाठी भांडलो!

दूर कशाला जायचं. पुण्यात १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर पहिलं चर्च उभं राहिलं, आजचं क्वार्टर गेटचं सिटी चर्च. ते गोव्याच्या अधिकाराखाली. पुढे इंग्रज आले, लष्करातल्या आयरिश सैनिकांसाठी १८५० मध्ये सेंट पॅट्रिक्स झालं, ते रोमने थेट नेमलेल्या मिशनरींचं. एकाच शहरात एकाच विश्वासाची दोन चर्चेस, आणि वर वेगवेगळे मालक. मुंबईत तर हा दुहेरी कारभार १९२८ पर्यंत चालला. पुणे धर्मप्रांत १८८६ मध्ये झाला, जर्मन येशूसंघीयांकडे सोपवला गेला, आणि बोरघाट चढून वर येणारे आपले लोणावळा-खंडाळ्याचे कॅथलिक हळूहळू एका छताखाली आले. आम्हाला वारसा मिळालाय तो या सगळ्याचा. चर्चचाही, आणि रांगेत कुठे उभं राहायचं या प्रश्नाचाही.

आणि इथे मला स्वतःबद्दल लिहायला हवं. दोन दिवस टाळत होतो.

आमच्या धर्मग्रामात मरियेच्या जन्माच्या सणाला, ८ सप्टेंबरला, मिरवणूक निघते. घाटमाथ्यावरचा पाऊस अजून गेलेला नसतो. मूर्तीवर प्लास्टिक, फादरांवर छत्री, आमच्यावर देवाची कृपा. आमच्याकडे गोवेकर आहेत, मंगळूरचे आहेत, मल्याळी आहेत, रेल्वेमुळे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली तमिळ कुटुंबं आहेत, आणि आम्ही नगरकडून आलेले मराठी. मूर्ती खांद्यावर घ्यायचं काम किती वर्षं कुणास ठाऊक, तमिळ मंडळींकडे होतं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मूर्ती लाकडी चौकटीला कशी बांधायची ते पाहायचे. निशिगंधाचा हार त्यांच्याच घरून यायचा. मराठी गट पुढे, मुलांच्या मागे. म्हणजे मूर्तीपासून सगळ्यात लांब.

मागच्या वर्षी तयारीच्या मीटिंगमध्ये मी उठलो. म्हटलं, आता मराठी कुटुंबं जास्त झालीत. हा महाराष्ट्र आहे. मूर्तीजवळचा मान आमचा का नाही? बोलायची सवय आहे, इथे लिहून लिहून शब्दही बरे सुचतात. मी इतिहास काढला, आकडे काढले, कुणी किती वर्षं काय केलं ते मोजलं. टाळ्या पडल्या. फादर नवीन होते, त्यांनी होकार दिला. अण्णा एवढंच म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही घ्या." मला वाटलं जिंकलो.

मिरवणुकीच्या संध्याकाळी आमच्या पोरांनी मूर्ती उचलली. मी मूर्तीच्या अगदी मागे, फादरांच्या बाजूला, माइक हातात. मार्ग अण्णांच्या घरावरून जातो. दरवर्षी त्यांच्या दारात मेणबत्त्या लावलेल्या असायच्या आणि त्यांची बायको ओवाळल्यासारखी हात जोडून उभी असायची. त्या दिवशी दार बंद. आत दिवा होता. मी मनात म्हटलं, रुसलेत. राहू देत. आणि खोटं कशाला सांगू, मी गाणं जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

चार दिवसांनी शेजारणीकडून कळलं. त्यांच्या बायकोला डेंग्यू झाला होता. त्या संध्याकाळी ताप १०४ वर होता. अण्णा आत तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते. रात्री तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. देवाच्या दयेने ती वाचली. पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीटिंगच्या आधीच्या दिवसांत असं काही झालं असतं तर पहिला फोन मला आला असता. माझ्याकडे स्कूटर आहे, हे त्यांना माहीत होतं.

आता आजचं शुभवर्तमान वाचा. येशू सभास्थानातून निघतो आणि थेट शिमोनाच्या घरी जातो. त्या घरात शिमोनाची सासू तापाने फणफणलेली आहे. लूक वैद्य होता, म्हणून असेल, तो ताप साधा नव्हे, मोठा होता असं आवर्जून सांगतो. येशू तिच्या उशाशी उभा राहतो, तापाला दटावतो, ताप निघतो. प्रभू तापाच्या घरात गेला. आम्ही त्याच्या आईला खांद्यावर घेऊन तापाच्या घरावरून गेलो, लाऊडस्पीकर लावून.

हा प्रसंग मी अनेक वेळा वाचला होता. यावर इथे लिहिलंही होतं, सासू लगेच उठून सेवेला कशी लागली, यावर. तेव्हा मला ती सासू दिसली होती. दार दिसलं नव्हतं.

पुढेही पाहा. दुसऱ्या दिवशी पहाटे येशू निर्जन जागी जातो. लोक शोधत येतात आणि त्याला धरून ठेवायला बघतात. जाऊ नको म्हणतात. का नाही म्हणणार? आजारी बरे झालेत, भुतं पळालीत. कफर्णहूमच्या माणसांचं प्रेम खोटं नव्हतं. पण 'आमच्यात राहा' आणि 'आमचाच राहा' यांत एका अक्षराएवढंच अंतर आहे. येशू म्हणतो, मला इतर गावांनाही जायचंय, त्यासाठीच मला पाठवलंय. आणि जातो. गोव्यातल्या फादरांचं आपल्या संतांवरचं प्रेमही खरं होतं. माझंही मरियेवरचं आहे. भांडण कधी प्रेम नसलेल्या ठिकाणी लागत नाही, म्हणून तर ते कळत नाही.

पण संघ-संघ म्हटलं की फक्त चढाओढच, असं नाही. तीनशे वर्षं आणखी मागे जा, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी. कोकण किनाऱ्यावर तेव्हा ना मठ होता, ना घंटा, ना व्हाइसरॉय. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन आणि एक डोमिनिकन एका जहाजातून निघाले. जायचं होतं दक्षिणेला कोल्लमला, पण वाऱ्याने त्यांना ठाण्याला आणून टाकलं. ठाण्यात पूर्वेकडच्या प्राचीन ख्रिस्तसभेची काही कुटुंबं होती, त्यांच्याकडे ते उतरले. डोमिनिकन फादर जॉर्डन थोड्या दिवसांसाठी पुढे सोपाऱ्याकडे गेले, बाप्तिस्मा द्यायला. इकडे एप्रिल महिन्यात ठाण्याच्या अधिकाऱ्याने ते चारही फ्रान्सिस्कन मारले. टोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि दिमित्रियस. जॉर्डनना बातमी कळली. एकटा डोमिनिकन, परका देश, आणि तेच मारेकरी अजून तिथेच. ते मागे फिरले, ती प्रेतं ताब्यात घेतली, सोपाऱ्याला नेली आणि पुरली. पुढे फ्रान्सिस्कन ओदोरिक आले आणि त्या अस्थी घेऊन चीनला गेले.

फ्रान्सिस्कनांना डोमिनिकनाने मूठमाती दिली, इथेच, आपल्या लोकलच्या नकाशावर. नालासोपाऱ्याला तुम्ही-आम्ही पाहुण्यांकडे जातो तिथे. त्या अंत्ययात्रेत कोण पुढे आणि कोण मागे? ट्रेंटचं कलम लावायला माणसंच नव्हती. एकच डोमिनिकन होता आणि चार मढी. मला खात्री वाटते, त्या रात्री जॉर्डनच्या डोक्यात 'यांचा संघ' आणि 'माझा संघ' आलं नसेल. खांदा द्यायला दुसरं कुणी नसलं की खांदा कुणाचा हे विचारायला सवड होत नाही.

आणि गोव्यातही सगळंच अंधारलेलं नव्हतं. १६५५ साली गोव्यात पादुआच्या संत अंतोनीचं चरित्र निघालं, आपल्याच भाषेत. अंतोनी म्हणजे फ्रान्सिस्कनांचा लाडका संत. लिहिणारे कोण? आंतोनियो द साल्दान्य, येशूसंघीय! फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाबद्दल आपण सगळे अभिमानाने बोलतो, पण हे पुस्तक विसरतो. मला हे पुस्तक फार आवडतं ते त्यातल्या भाषेपेक्षाही या एका गोष्टीसाठी की दुसऱ्याच्या घरचा संत याने आपल्या तोंडाने गायला. फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन यांच्यातही एक जुनी रीत अजून आहे. फ्रान्सिसच्या सणाला डोमिनिकन फादर प्रवचन करतो, डोमिनिकच्या सणाला फ्रान्सिस्कन. सण आमचा, बोलणारा तुमचा. भांडणाला उत्तर म्हणून कुणी काढली असेल तर तो माणूस फार शहाणा होता.

नंतरचं तर देवाने ज्या तऱ्हेने केलं ते पाहून कधी कधी वाटतं, त्यालाही विनोद कळतो. १७५९ मध्ये पोर्तुगालने येशूसंघीयांना हाकललं. १७७३ मध्ये सगळा येशूसंघच बरखास्त झाला, आणि तो करणारे पोप चौदावे क्लेमंट स्वतः फ्रान्सिस्कन होते. तेव्हा कुणाला तरी गोव्यात जिंकल्यासारखं वाटलंच असेल. पण १८३५ मध्ये उरलेले सगळेच संघ पोर्तुगीज सरकारने गोव्यातून बाहेर काढले. ऑगस्टिनियनांच्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. टेकडीवर आज अर्धा मनोरा उभा आहे, कावळे बसतात. येशूसंघ १८१४ मध्ये पुन्हा उभा राहिला. आणि २०१३ मध्ये पहिल्यांदा एक येशूसंघीय पोप झाला, त्याने नाव कुणाचं घेतलं? असिसीच्या फ्रान्सिसचं.

वसईही १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली, आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी घाटावर आणल्या. आपल्या मावळाच्या शेजारी भीमाशंकरच्या देवळापुढे एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. मी दोनदा पाहिली आहे. ती एके काळी कुठल्या तरी संघाची शान असेल. आता भीमाशंकरला आलेली माणसं ती पाहतात आणि दर्शनाला आत जातात. ती कुणाची, हे कुणी विचारत नाही.

पौलाला परत येऊ. तो म्हणतो, मी लावलं, अपुल्लोसने पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. हे वाक्य लोणावळा-पुणे लोकलच्या खिडकीत बसून वाचावं. कामशेत, कान्हे, वडगाव. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं आहे. जुलैत ही लावणी सावडीने झाली. आज याच्या खाचरात सगळी वाडी, उद्या त्याच्या. गुडघाभर चिखलात वाकलेल्या पंधरा पाठी, डोक्यावर इरलं किंवा आता प्लास्टिकचा कागद. आता बांधावर उभं राहून सांगा बरं, कुठलं रोप कुणाच्या हातचं? शेतमालकालाही सांगता येणार नाही. हा इंद्रायणी तांदूळ वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आला हे खरं, पण खाचरात उभं राहून केंद्राचं नाव कुणी घेत नाही. वास घेतात.

१६२२ च्या त्या पाच संतांत इसिदोर होता ना, शेतमजूर. इतरांसारखा त्याच्यामागे स्वतःचा संघ नव्हता. तो दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, बायको-मुलाचा साधा माणूस. पण संत पेत्राच्या महामंदिरातली त्या दिवशीची आरास मुळात माद्रिदकरांनी त्याच्यासाठी केलेली होती, बाकीचे चौघे मागाहून त्या मांडवात आले. इग्नेशियस, झेविअर, तेरेसा, फिलिप हे शेतकऱ्याच्या मांडवात पाहुणे! मला हे आठवलं की बरं वाटतं. त्या चौघांनाही वाटलं असेल.

या वर्षीची मीटिंग रविवारी झाली. मी गेलो नाही. गेलो असतो आणि उठून माफी मागितली असती तर ती पण एक प्रकारची मिरवणूकच झाली असती, असं मला वाटलं. किंवा मी भित्रा आहे, तेही असेल. मूर्ती कुणी उचलायची ते अजून ठरलं नाही, फादरांनी गुरुवारवर टाकलंय. मराठी गटातल्या दोघांनी मला फोन करून विचारलं, तुम्ही यायला हवं होतं, आपली बाजू कोण मांडणार? मी म्हटलं, ज्याच्या बाजूला अपुल्लोस आहे त्याने मांडावी. त्यांना कळलं नाही. त्यांनी आजचं वाचन वाचलं नसणार.

अण्णांच्या बायकोला अजून चर्चचा चढ चढवत नाही. सात तारखेपर्यंत नोव्हेना आहे, रोज संध्याकाळी साडेपाचला. मी आज पाचला निघणार आहे, स्कूटर घेऊन. त्या मागे बसायला तयार होतील का, माहीत नाही. अण्णा दार उघडतील. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

प्रार्थना: प्रभू येशू, तू शिमोनाच्या घरात शिरलास तेव्हा तुझ्यामागे कोण कुठल्या क्रमाने आत आलं ते लूकने लिहून ठेवलेलं नाही. आज पाच वाजता माझ्याआधी तू त्या दारात जा. मी मागोमाग येतो. आमेन.